ठिपक्यांचा ग्राफ वाचायला या माणसाने शिकवलं, आणि त्यातली सगळ्यात महागडी चूकही त्यानेच केली

आयपीएलचा सीझन सुरू झाला की सोशल मीडियावर एक ग्राफ हमखास फिरतो. आडव्या रेषेवर बॅट्समनची सरासरी, उभ्या रेषेवर स्ट्राइक रेट आणि मधल्या जागेत ठिपक्यांचा सडा. एक ठिपका म्हणजे एक बॅट्समन. वर उजव्या कोपऱ्यात जो दिसतो तो गडी रनही काढतो आणि फास्टही काढतो. खाली डाव्या कोपऱ्यात जो दिसतो, त्याच्या नावाने कमेंटमध्ये शिमगा.

या ग्राफला म्हणतात स्कॅटर चार्ट. दिसायला एकदम साधा. एका माणसाची किंवा वस्तूची दोन मापं घ्यायची, त्या दोन मापांचा मिळून एक ठिपका मारायचा आणि असे शेकडो ठिपके एकाच कागदावर मांडायचे. मग त्या गर्दीकडे बघून ठरवायचं की या दोन मापांचं एकमेकांशी काही नातं आहे का.

हे नातं कसं बघायचं आणि आकड्यात कसं मोजायचं, हे जगाला शिकवण्यात सगळ्यात मोठा वाटा एका माणसाचा आहे. त्याचं नाव सर फ्रान्सिस गाल्टन.

आता गंमत बघा. फिंगरप्रिंट, पेपरात छापून येणारा हवामानाचा नकाशा, सहसंबंध म्हणजे कोरिलेशन, या सगळ्यात या माणसाचं नाव येतं. पण २०२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने त्याच्या नावाच्या लेक्चर हॉलवरून त्याचं नाव काढून टाकलं.

असं का झालं, हे समजून घ्यायचं असेल तर पूर्ण गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागेल.

डार्विनचा भाऊ आणि बँकवाल्याचा पोरगा

गाल्टनचा जन्म १६ फेब्रुवारी १८२२ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळचा. घर पैशाने भरलेलं. वडील बँकेच्या धंद्यात. आई त्या काळातले प्रसिद्ध डॉक्टर इरॅस्मस डार्विन यांची मुलगी. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा चार्ल्स डार्विन हाही याच इरॅस्मस डार्विन यांचा नातू. दोघांचे आजोबा एक, पण आज्या वेगळ्या. म्हणजे डार्विन आणि गाल्टन नात्याने भाऊ.

पोरगा हुशार आहे हे घरच्यांनी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. आधी त्याला डॉक्टरकीला घातलं. मग तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये गणित शिकायला गेला. तिथे अभ्यासाच्या ताणाने त्याची तब्येत बिघडली आणि ज्या मानाच्या डिग्रीसाठी तो गेला होता, ती काही त्याला मिळाली नाही. साधी डिग्री घेऊन तो बाहेर पडला.

१८४४ मध्ये वडील गेले. हातात एवढी वारसाची संपत्ती आली की पुढच्या आयुष्यात त्याला पोटासाठी नोकरी करावी लागली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिचं काम आहे.

पैसा आणि वेळ दोन्ही असल्यावर गडी फिरायला निघाला. आधी इजिप्त आणि सुदान. मग १८५० ते १८५२ या काळात आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागात, म्हणजे आज जिथे नामिबिया देश आहे तिथे. त्या भागाच्या नकाशाच्या कामासाठी रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं.

याच प्रवासातला एक किस्सा त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. तिथल्या एका बाईच्या शरीराची मापं त्याला हवी होती. भाषा येत नव्हती आणि विचारायची पंचाईत. मग त्याने लांब उभं राहून, जहाजावर कोन मोजायला वापरतात ते सेक्स्टंट काढलं आणि त्रिकोणमितीने तिची मापं काढली. त्या बाईला विचारणं वगैरे प्रकार नाही. समोरचं माणूस हे मोजायची वस्तू आहे, ही नजर तेव्हापासूनची.

दिसेल ते मोजायचा नाद

लंडनला परत आल्यावर हा नाद वाढतच गेला. चहा चांगला होण्यासाठी पाणी किती गरम असावं, याचे त्याने प्रयोग केले. कंटाळवाण्या भाषणाला बसलेले लोक किती वेळा चुळबुळ करतात हे त्याने मोजलं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या कुठल्या शहरात किती सुंदर बायका दिसतात, याची नोंद तो खिशातल्या कागदाला टाचणीने भोकं पाडून ठेवायचा. आजच्या काळात असं केलं असतं तर ट्रोल झाला असता, आणि ते बरोबरच झालं असतं.

पण सगळंच काही वेडेपणाचं नव्हतं. १ एप्रिल १८७५ ला लंडनच्या टाइम्स पेपरमध्ये आदल्या दिवशीच्या हवामानाचा नकाशा छापून आला. तो गाल्टनने केला होता. हवेचा दाब जिथे जिथे सारखा, ती ठिकाणं रेषेने जोडायची ही त्यामागची पद्धत. आकडे नुसते टेबलात लिहिले तर कुणाला काही कळत नाही, पण कागदावर त्यांचा आकार दिसला की कळतं, हे त्याला पक्कं समजलं होतं.

ठिपक्यांवरून नातं बघायची कल्पना मात्र त्याच्याही आधीची. जॉन हर्शेल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये जोडताऱ्यांवरचा एक निबंध छापला. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांमधला कोन कुठल्या वर्षी किती होता, हे त्याने कागदावर ठिपक्यांनी मांडलं. दुर्बिणीतून घेतलेली मापं थोडी इकडेतिकडे होतातच. म्हणून त्याने प्रत्येक ठिपक्याला हात लावत रेष काढली नाही, तर ठिपक्यांच्या मधून अंदाजाने एक सरळसोट वळणाची रेष नेली. आकड्यांच्या इतिहासाचे अभ्यासक याला पहिल्या स्कॅटर चार्टचा मान देतात.

हर्शेलने ही युक्ती ताऱ्यांवर वापरली. गाल्टनने ती माणसांवर वापरायची ठरवली.

आधी चूक, मग शोध

१८५९ मध्ये डार्विनचं ओरिजिन ऑफ स्पीशीज आलं आणि गाल्टनच्या डोक्यात एकच प्रश्न बसला. आईबापाकडून पोरांकडे नेमकं काय आणि किती जातं?

दहा वर्षांनी, १८६९ मध्ये, त्याचं हेरेडिटरी जीनियस हे पुस्तक आलं. त्यात त्याने इंग्लंडचे न्यायाधीश, सेनापती, शास्त्रज्ञ, कवी यांच्या घराण्यांच्या याद्या काढल्या. मोठ्या माणसांच्या घरात मोठी माणसं जास्त निघतात असं त्याला दिसलं. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की बुद्धी रक्तातून येते. तेवढ्यावर न थांबता त्याने माणसांच्या वंशांनाही वरखाली क्रम लावून टाकला आणि सगळ्यात वरच्या पायऱ्यांवर गोऱ्यांना बसवलं.

आता हे स्कॅटर चार्टच्या भाषेत बघू. समजा आडव्या रेषेवर बापाचं यश मांडलं आणि उभ्या रेषेवर मुलाचं. ठिपके नक्की डावीकडून उजवीकडे वर चढत जातील. नातं दिसेल आणि ते खरंही असेल. पण न्यायाधीशाच्या मुलाला चांगली शाळा मिळते, घरात पुस्तकं असतात, पैसा असतो, वशिला असतो. या गोष्टी ना आडव्या रेषेवर आहेत ना उभ्या. ग्राफवर त्या दिसतच नाहीत, आणि खरं काम मात्र त्या करत असतात.

स्वतः गाल्टन मानाच्या डिग्रीशिवाय बाहेर पडूनही जगातला मोठा शास्त्रज्ञ होऊ शकला, यात वडिलांच्या इस्टेटीचा हात किती होता, हा ठिपका त्याने स्वतःच्या ग्राफवर कधी मांडला नाही. जन्म की संगोपन, हा प्रश्न त्याला माहीत नव्हता असं नाही. नेचर आणि नर्चर ही जोडी शास्त्रात रूढ केली ती त्यानेच. जुळ्या भावंडांचा अभ्यासही केला. पण प्रत्येक वेळी उत्तर जन्माच्या बाजूनेच आलं, कारण ते त्याने आधीच ठरवलं होतं.

गंमत अशी की जिथे उत्तर आधी ठरलेलं नव्हतं, तिथे हाच माणूस कमालीचा बारकाईने वागला.

सात मित्र आणि बियांची पाकिटं

१८७५ मध्ये गाल्टनने स्वीट पी या फुलझाडाच्या बिया आकारानुसार सात गटांत लावल्या. प्रत्येक आकाराच्या दहा बिया, अशी सात पाकिटं त्याने सात मित्रांना पाठवली. त्यातला एक मित्र म्हणजे खुद्द चार्ल्स डार्विन. मित्रांनी झाडं लावायची, वाढवायची आणि त्यांना आलेल्या बिया परत पाठवायच्या.

परत आलेल्या बिया मोजल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. मोठ्या बियांच्या झाडाला मोठ्याच बिया आल्या, पण आईइतक्या मोठ्या नाहीत. लहान बियांच्या झाडाला लहान आल्या, पण आईइतक्या लहान नाहीत. आई सरासरीपासून जेवढी लांब, त्याच्या साधारण एक तृतीयांशच लांब पोरं. आईचा आकार आडवा आणि पोरांचा सरासरी आकार उभा मांडला, तर ठिपके जवळपास एका सरळ रेषेत येत होते. १८७७ मध्ये त्याने हे भाषणात मांडलं. आज जिला रिग्रेशन लाइन म्हणतात, ती ही रेष.

बियांवर समाधान होईना. त्याला माणसं हवी होती.

तीन पेन्स द्या आणि स्वतःला मोजून घ्या

१८८४ मध्ये लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनमध्ये आरोग्याचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं. गाल्टनने तिथे स्वतःच्या खर्चाने स्टॉल टाकला. तीन पेन्स द्यायचे आणि उंची, वजन, हातांचा पसारा, फुफ्फुसांची ताकद, हाताचा जोर, नजर, कान असं सगळं मोजून घ्यायचं. मापांचं कार्ड घरी न्यायचं, पण त्याची नक्कल गाल्टनकडे राहायची. ९,३३७ माणसांनी पैसे देऊन स्वतःचा डेटा त्याला दिला. आज आपण फुकटच्या अॅपला डेटा देतो, तेव्हा लोक वर पैसे मोजून देत होते.

त्याच वर्षी त्याने आणखी एक डोकं लावलं. घराण्याची सविस्तर माहिती पाठवणाऱ्यांसाठी एकूण ५०० पौंडांची बक्षिसं जाहीर केली. त्यातून त्याला २०५ जोडप्यांच्या आणि त्यांच्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलामुलींच्या उंच्या मिळाल्या.

इथून पुढे त्याने जे केलं, ते आजही चार्ट काढणाऱ्या प्रत्येकाने शिकून घ्यावं असं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे त्याने वेगळे गट एकमेकांत कालवले नाहीत. बायकांची उंची सरासरीने पुरुषांपेक्षा कमी असते. दोघांचे ठिपके तसेच मांडले असते तर कागदावर दोन वेगळे ढग दिसले असते आणि त्यातून काढलेली रेष भलतंच काही सांगत बसली असती. म्हणून त्याने प्रत्येक बाईची उंची १.०८ ने गुणून पुरुषांच्या मापावर आणली. मग आई आणि बाप यांच्या उंचीची सरासरी काढून जोडप्याचा एकच आकडा केला.

दुसरी गोष्ट गर्दीची. उंची इंचात मोजली की अनेकांची मापं सारखीच येतात. ९२८ ठिपके एकमेकांवर बसले तर कुठे एक आहे आणि कुठे चाळीस आहेत हे कळत नाही. म्हणून गाल्टनने कागदावर चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीत किती जण पडतात तो आकडा लिहिला. त्यामुळे त्याचा मूळ कागद बघितला तर तो ठिपक्यांपेक्षा आकड्यांचा दिसतो. आज हेच काम आपण ठिपके लहान आणि थोडे पारदर्शक करून करतो. जिथे गर्दी, तिथे रंग गडद.

तिसरी गोष्ट, त्याने सुट्या ठिपक्यांपेक्षा पूर्ण गर्दीचा आकार बघितला. हवामानाच्या नकाशात सारख्या दाबाची ठिकाणं जोडायची त्याला सवय होतीच. इथे त्याने सारखे आकडे असलेल्या चौकटी जोडल्या. आणि कागदावर उमटली लंबवर्तुळं, एकात एक बसलेली. त्याचं गणित एवढ्या ताकदीचं नव्हतं, म्हणून तो केंब्रिजच्या हॅमिल्टन डिक्सन या गणितज्ञाकडे गेला. उंची, आईबाप, पोरं असं काही न सांगता नुसतं गणित त्याच्यापुढे ठेवलं. डिक्सनने कागदावर काढलेलं उत्तर आणि गाल्टनने माणसं मोजून काढलेलं उत्तर जुळलं.

उत्तर काय होतं? सगळ्यांची सरासरी उंची ६८.२५ इंच, म्हणजे ५ फूट सव्वाआठ इंच. आईबाप सरासरीपासून जेवढे लांब, त्याच्या साधारण दोन तृतीयांश लांब त्यांची पोरं. समजा एका जोडप्याची सरासरी ७२ इंच आहे. म्हणजे ते ३.७५ इंचांनी वर. त्यांची पोरं सरासरीने २.५ इंचांनीच वर, म्हणजे ७०.७५ इंचांच्या आसपास.

उंच घरातली पोरं सरासरीकडे खाली येतात आणि बुटक्या घरातली सरासरीकडे वर जातात. यालाच त्याने १८८६ च्या निबंधात रिग्रेशन हे नाव दिलं.

मग काही पिढ्यांत सगळेच एका उंचीचे होणार का? नाही. कारण उलटं बघितलं तरी हेच दिसतं. सगळ्यात उंच पोरं निवडा आणि त्यांचे आईबाप बघा, तर ते पोरांपेक्षा सरासरीच्या जवळ सापडतात. म्हणजे कुठली शक्ती माणसांना मध्यावर ओढत नाहीये. कुठलंही टोकाचं माप घडायला थोडी खरी कारणं लागतात आणि थोडा योग लागतो. दुसऱ्या मापात कारणं बरीचशी तीच राहतात, योग मात्र तसाच जुळून येत नाही.

हे कळलं की रोजच्या कितीतरी गोष्टी कळतात. पहिल्या सीझनला धुमाकूळ घालणारा खेळाडू दुसऱ्या सीझनला जरा थंड पडतो, तर लगेच त्याच्या डोक्यात हवा गेली असं नसतं. ताप सगळ्यात जास्त चढलेल्या दिवशी अंगारा लावला आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तर श्रेय अंगाऱ्याचं नसतं. टोकाच्या दिवसानंतरचा दिवस बहुतेक वेळा कमी टोकाचाच असतो.

नात्याला मिळाला आकडा

त्या काळात पॅरिसच्या पोलिसांमध्ये आल्फोन्स बर्तियाँ गुन्हेगार ओळखण्यासाठी त्यांच्या शरीराची अनेक मापं नोंदवून ठेवायचा. गाल्टनला त्यात एक खोट दिसली. उंच माणसाचा हात बहुधा लांबच असतो. मग उंची आणि हात ही दोन पूर्ण वेगळी मापं कशी धरायची? दुसरं माप पहिल्याबद्दल बरंचसं आधीच सांगून बसलेलं असतं. पण बरंचसं म्हणजे किती?

डिसेंबर १८८८ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे याचं उत्तर ठेवलं. दोन्ही मापं आपापल्या चढउताराच्या पट्टीवर आणली की रेषेचा उतार दोन्ही बाजूंनी सारखाच येतो, आणि तो एकच आकडा नात्याची घट्ट वीण दाखवतो. उंची आणि कोपरापासून बोटापर्यंतचा हात यांच्यासाठी त्याला हा आकडा ०.८ मिळाला. १ च्या जवळ म्हणजे नातं घट्ट, शून्याच्या जवळ म्हणजे सरळ रेषेतलं नातं नाहीच. पुढे कार्ल पिअर्सनने १८९६ मध्ये त्याचं पक्कं सूत्र बांधलं. कॉलेजमध्ये सहसंबंधाचं गणित करताना जो आर काढतात, तो हाच.

ओळख पटवायच्या याच भानगडीतून गाल्टन बोटांच्या ठशांकडे वळला आणि इथे भारत येतो. बंगालमध्ये विल्यम जेम्स हर्शेल नावाचा ब्रिटिश अधिकारी १८५८ पासून करारावर लोकांच्या हाताचे ठसे घेत होता. हा हर्शेल म्हणजे ताऱ्यांचे ठिपके मांडणाऱ्या जॉन हर्शेलचाच मुलगा. वर्षानुवर्षं गेली तरी ठसा बदलत नाही, हे दाखवायला त्याने जमवलेले ठसे गाल्टनच्या कामी आले. १८९२ मध्ये गाल्टनचं फिंगर प्रिंट्स हे पुस्तक आलं. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं आणि ठसे लावून शोधायची पद्धत तयार करण्याचं मोठं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी केलं.

आणि मग तो शब्द

एवढं सगळं करणाऱ्या माणसाचं नाव भिंतीवरून का काढलं?

कारण १८८३ मध्ये त्याने एक शब्द तयार केला होता, युजेनिक्स. चांगल्या वंशाच्या लोकांनी जास्त पोरं जन्माला घालावीत आणि वाईट वंशाच्या लोकांनी कमी, म्हणजे समाज सुधारेल, असा हा विचार. चांगलं कोण आणि वाईट कोण हे ठरवणार अर्थातच गाल्टनसारखे लोक. म्हातारपणी त्याने एका काल्पनिक राज्याची कादंबरीही लिहिली, जिथे परीक्षा पास झाल्याशिवाय पोरं होऊ द्यायची परवानगी नाही. ती छापली गेली नाही आणि नंतर घरच्यांनीच तिचा बराचसा भाग नष्ट केला.

गाल्टन आणि त्याची बायको लुईझा यांना स्वतःला मूल झालं नाही. १९०९ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली आणि १७ जानेवारी १९११ ला, वयाच्या ८८ व्या वर्षी तो वारला. मृत्युपत्रात त्याने युजेनिक्सच्या प्राध्यापकपदासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला पैसे ठेवले. त्या खुर्चीवर पहिला बसला कार्ल पिअर्सन.

पण विचार तेवढ्यावर थांबला नाही. अमेरिकेत इंडियाना राज्याने १९०७ मध्येच सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता. पुढे अनेक राज्यांनी तो उचलला आणि ६०,००० हून जास्त लोकांची नसबंदी झाली. १९३३ मध्ये नाझी जर्मनीने असाच कायदा आणला आणि साधारण ४ लाख लोकांवर ही सक्ती झाली. त्यानंतर जे घडलं ते जगाला माहितीये. हे सगळं गाल्टनने केलं असं म्हणता येणार नाही. पण माणसाची किंमत मोजून ठरवता येते, या दाव्याला शास्त्राचा शिक्का त्याने मारून दिला होता.

हे प्रकरण महाराष्ट्रापर्यंत येतं

युजेनिक्सचा आधार घेऊन भारतात जातिव्यवस्थेची पाठराखण करणारेही निघाले. जातीबाहेर लग्न न केल्याने वंश शुद्ध राहतो, असा त्यांचा दावा. १९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अॅनिहिलेशन ऑफ कास्ट या ग्रंथात हा दावा घेतला आणि शास्त्राच्याच कसोटीवर तो मोडून काढला.

दुसरं नाव इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या शेवटी इरावतीबाई बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत डॉक्टरेटसाठी गेल्या. ती संस्था मानववंश आणि युजेनिक्सचीच, आणि त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशभेद मानणाऱ्यांतले मोठे नाव. फिशर यांनी त्यांचं नावाजलेलं काम १९०८ मध्ये केलं होतं ते नेमकं त्याच नैर्ऋत्य आफ्रिकेत, जिथे गाल्टन सेक्स्टंट घेऊन उभा राहिला होता. माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमध्ये जो फरक असतो, तो वंशानुसार बदलतो अशी फिशर यांची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि जे माप सांगत होतं तेच लिहिलं. वंशाचा आणि या फरकाचा संबंध दिसत नाही. गुरूला काय हवंय हे माहीत असताना, परक्या देशात, एका विद्यार्थिनीने हे लिहिणं सोपं नव्हतं.

तिसरं नाव साताऱ्याच्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे. ज्या युनिव्हर्सिटी कॉलेजला गाल्टनने पैसे ठेवले, तिथेच १९३० च्या दशकात त्यांनी संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत काम करताना हेच शास्त्र त्यांनी जगात किती लोक उपाशी आहेत हे मोजायला वापरलं.

मोजमाप तेच होतं. कोण कशासाठी मोजतोय, यात फरक होता.

मग पुढच्या वेळी ठिपके दिसले की काय बघायचं?

आधी दोन्ही रेषांवर नेमकं काय आहे आणि आकडे कुठून सुरू होतात ते वाचा. एक ठिपका म्हणजे एक माणूस, एक गाव की एक देश, हे बघा. मग सगळ्या गर्दीचा आकार बघा. वर चढतेय, खाली उतरतेय, वाकतेय की नुसतीच विखुरलीये? नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. १९७३ मध्ये फ्रँक अॅन्स्कोम या संख्याशास्त्रज्ञाने चार असे डेटासेट करून दाखवले की चौघांची सरासरी, रेष आणि सहसंबंध जवळपास सारखे, पण ठिपके मांडले की चार वेगळीच चित्रं.

गर्दीपासून लांब पडलेला एखादाच ठिपका असेल तर तो पुसायची घाई करू नका, आधी तो तिथे का पडलाय ते शोधा. वेगळे गट एकत्र कालवलेत का ते तपासा. आपण स्वतः चार्ट काढत असू तर गटांना वेगळे रंग द्या आणि ज्याबद्दल बोलायचंय त्या चार-पाच ठिपक्यांवरच नावं लिहा, सगळ्यांवर लिहिलीत तर काहीच वाचता येणार नाही.

आणि सगळ्यात शेवटी, शेअर करायच्या आधी, एक प्रश्न स्वतःला विचारा. या दोन रेषांवर जे नाहीये, असं काय आहे जे हे नातं घडवत असेल? पैसा, शाळा, वय, जात, संधी?

उंचीचा कागद करताना गाल्टनला बायका आणि पुरुष वेगळे आहेत हे आठवलं, म्हणून त्याचं उत्तर आजही टिकून आहे. बुद्धीचं पुस्तक लिहिताना मात्र गरीब आणि श्रीमंत वेगळे आहेत हे त्याने सोयीने विसरून टाकलं. त्याची किंमत अशा लाखो लोकांनी मोजली, ज्यांचा ठिपका त्याच्या कागदावर कधीच नव्हता.